टापांखालची जमीन

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरवर मोठा पाऊस कोसळला आणि शहराच्या पूर्वेकडील महादेवपुरा विभाग पाण्याखाली गेला. संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती, त्यांना वेढणारे रुंद रस्ते, धनिकांच्या बंगल्यांच्या वसाहती, सर्वत्र पाणी साचले; आणि एरवी मोटारीतून कचेरीस जाणारी माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने उभी राहून कामावर निघालेली दिसली. पाऊस नेहमीपेक्षा अधिक होता, हे खरे. परंतु जे पाणी पूर्वी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात उतरत असे आणि वाटेत जमिनीत मुरत असे, त्याची वाट सिमेंट आणि डांबर यांनी अडवली होती, हेही तितकेच खरे. जमीन पाणी पिते की परतवते, हा शेतकऱ्याचा जुना प्रश्न त्या आठवड्यात नागर माणसाच्याही तोंडी आला.

महादेवपुऱ्यापासून काही कोसांवर, त्याच शहराच्या मध्यभागी, हा प्रश्न पावसाळ्यात रोज विचारणारी एक जागा आहे. हाय ग्राउंड्स भागातील बंगळूर टर्फ क्लबचे ते शर्यतीचे मैदान. शर्यतीच्या दिवशी तेथे, घोडे बाहेर येण्यापूर्वी, हाती एक साधे उपकरण घेतलेला मनुष्य हिरवळीवरून चालत जातो. त्या उपकरणास पेनेट्रोमीटर म्हणतात. एक लोखंडी कांब जमिनीवर उभी धरावयाची, ठराविक उंचीवरून ठराविक वजन तिच्यावर सोडावयाचे आणि ती किती रुतली हे वाचावयाचे, एवढेच त्याचे काम. ठिकठिकाणच्या या वाचनांची सरासरी जाहीर होते. आकडा लहान असेल तर जमीन कठीण, मोठा असेल तर मऊ. शर्यतीच्या शौकिनांपैकी पुष्कळांना हा आकडा केवळ पैजेचा अंदाज बांधण्यासाठी हवा असतो. घोड्याला मात्र तो आपल्या पायाच्या हाडांनी वाचावा लागतो.

या वाचनात चूक झाली तर काय होते, हे समजण्यास घोड्याच्या पायाची रचना ध्यानात घ्यावी लागते. शर्यतीचा घोडा साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा असतो आणि भर वेगात तो ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो. त्या दौडीत असा एक क्षण येतो की साऱ्या देहाचा भार एकाच पायावर असतो, आणि वेगामुळे तो भार वजनाच्या दुपटीहूनही अधिक होतो. गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायाला स्नायू जवळजवळ नाहीतच. नळीचे हाड, खुरावरचा सांधा, त्यामागची दोन लहान हाडे आणि त्यांना सावरून धरणारे कंडरे, एवढाच काय तो संसार. टाप जमिनीवर आदळते, किंचित पुढे घसरते, मग भार पेलते आणि शेवटी मागे रेटा देऊन उचलली जाते. हे सारे निमिषार्धात घडते. जमीन फार कठीण असेल तर पहिला धक्का हाडात जातो. फार घट्ट पकडणारी असेल तर टाप घसरत नाही आणि सांध्यास पीळ बसतो. फार सैल असेल तर रेटा देताना कंडरे ताणले जातात. आणि माणसाप्रमाणे घोड्याला सहा आठवडे अंथरुणावर पडून राहता येत नाही. एक पाय मोडला की उरलेल्या तिघांवर भार येतो आणि त्यांचे खूर आतून सुजू लागतात. अमेरिकेतील बार्बारो या घोड्याने मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकली आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. निष्णात शल्यवैद्यांनी तो पाय सांधला. पण जानेवारी २००७ मध्ये खुरांच्या याच विकाराने त्याला मरण द्यावे लागले. साऱ्या देशाचे डोळे आठ महिने त्या तबेल्याकडे लागले होते.

जगातील शर्यती मुख्यतः तीन प्रकारच्या जमिनींवर होतात. इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स आणि त्यांच्या वळणावर गेलेले देश हिरवळ मानतात. अमेरिका माती मानते. तिच्या बहुतेक मोठ्या शर्यती, १८७५ साली सुरू झालेली केंटकी डर्बी धरून, माती, वाळू आणि चिकणमाती यांच्या मिश्रणावर होतात. तिसरा प्रकार कृत्रिम जमिनीचा. बारीक वाळूवर मेणाचा लेप द्यावयाचा, तिच्यात कृत्रिम धागे आणि रबराचे कण मिसळावयाचे आणि पाणी खाली उतरून जावे म्हणून तळाशी खडी व नळ्यांची रचना करावयाची, असा तो थाट. ब्रिटनमध्ये लिंगफील्ड येथे ऑक्टोबर १९८९ मध्ये अशा जमिनीवर पहिली शर्यत झाली. हेतू अगदी व्यवहारी होता. हिवाळ्यात गोठलेल्या हिरवळीवर शर्यती रद्द होत, त्या होऊ नयेत. घोड्याचा जीव हा विषय तेव्हा पुढे नव्हता. तो पुढे आला अमेरिकेत.

मातीच्या मैदानाची एक अडचण आपल्याकडच्या कोणत्याही जत्रेतील शर्यत पाहणाऱ्यास सांगावी लागणार नाही. कोरडी असली की ती उडते. पुढच्या घोड्याच्या टापांनी उडालेली माती मागच्या घोड्याच्या नाकातोंडात जाते; जॉकी डोळ्यांवर एकावर एक तीन-चार चष्मे चढवतात आणि मळलेला चष्मा धावता धावता खाली ओढतात. मागून येणारा घोडा या माऱ्यासमोर बिचकतो, म्हणून मातीवर पहिल्यापासून आघाडी घेणाऱ्याचे फावते. पाऊस आला म्हणजे ती माती जड रूळ फिरवून दाबून टाकतात, म्हणजे पाणी वरून वाहून जावे. परंतु दाबलेली माती वाळताना कुठे कठीण, कुठे मऊ अशी होते. एकाच फेरीत घोड्याच्या पायाखाली दोन-तीन निरनिराळ्या जमिनी येतात.

२००६ साली कॅलिफोर्निया राज्याच्या शर्यत-मंडळाने हुकूम काढला की, मोठ्या मैदानांनी २००७ अखेर माती काढून कृत्रिम जमीन घालावी. हॉलिवूड पार्क, डेल मार, सँटा अनिटा, गोल्डन गेट फील्ड्स या चारही मैदानांनी तो पाळला. केंटकीतील कीनलँड, शिकागोजवळचे आर्लिंग्टन, कॅनडातील वुडबाइन यांनी त्याच सुमारास आपखुशीने हा मार्ग धरला. दुबईने तर २०१० साली मेदान हे भव्य मैदान उभारले तेच कृत्रिम जमिनीसह. असे वाटले की, दहा वर्षांत मातीवरची शर्यत ही इतिहासाची गोष्ट होईल.

पुढील दहा वर्षांत घडले ते नेमके उलट. सँटा अनिटाने डिसेंबर २०१० मध्ये पुन्हा माती आणली. कीनलँडने २०१४ मध्ये, डेल मारने २०१५ मध्ये आणि त्याच सुमारास मेदानने तेच केले. ही माघार का झाली, यातच या वादाचे खरे मर्म आहे.

कृत्रिम जमिनीत दोष नव्हते असे नाही. सर्व ऋतूंत चालणारी म्हणून जिची ख्याती, ती सँटा अनिटाची जमीन जानेवारी २००८ च्या पावसात पाणी खाली सोडीना, आणि शर्यतीच रद्द कराव्या लागल्या. दैवाची थट्टाच म्हणावयाची. डेल मारला वेगळाच अनुभव आला. मेण उन्हाने मऊ होते. त्यामुळे सकाळच्या गारव्यात ज्या जमिनीवर घोडा तयार झाला, ती दुपारी शर्यतीच्या वेळी तीच राहत नसे. पायांच्या हाडांऐवजी मागच्या भागाचे कंडरे व स्नायू अधिक दुखावतात, अशी कित्येक प्रशिक्षकांची तक्रार होती. कृत्रिम जमीन म्हणजे एकदा घातली आणि विसरली असे मानणाऱ्यांचा भ्रम लवकरच फिटला. तिलाही रोज उकरावे, सारखे करावे, वेळोवेळी नवे मेण द्यावे लागते.

परंतु या दोषांवर उपाय होते आणि काही मैदानांनी ते केलेही. वुडबाइनने २०१६ मध्ये माती न आणता अधिक चांगली कृत्रिम जमीन आणली. इतर ठिकाणी माघार झाली ती निराळ्या कारणांनी. अमेरिकन घोड्याची सारी पैदास पिढ्यान् पिढ्या मातीवरच्या वेगासाठी झालेली. मातीवर जिंकलेल्या घोड्याला पुढे वळू म्हणून जी किंमत येते, ती कृत्रिम जमिनीवर जिंकलेल्यास येत नाही. कृत्रिम जमिनीवर पहिल्यापासून सुसाट सुटणाऱ्याचे फारसे फावत नाही. हिरवळीवरचे घोडे तेथे बरोबरीने येतात. २००८ साली सँटा अनिटाच्या कृत्रिम जमिनीवर ब्रीडर्स कप क्लासिक झाली तेव्हा अमेरिकेचा लाडका कर्लिन चौथा आला आणि पहिले दोन्ही क्रमांक युरोपच्या घोड्यांनी नेले. पुढच्या वर्षी त्याच जमिनीवर झेन्याटा या घोडीने ती शर्यत जिंकली. घोडीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. तरी, ही मातीची परीक्षा नव्हे, असे म्हणणारे निघालेच. २०१० मध्ये ती मातीवर उतरली आणि केवळ एका मुंडीच्या अंतराने हरली. वीस शर्यतींतील तो तिचा एकमेव पराभव! टीकाकारांचे समाधान झाले की नाही कोण जाणे. पण त्या धावेने त्यांचा मुद्दा सिद्ध होण्याऐवजी ढिला पडला, असेच म्हटले पाहिजे. पैज लावणाऱ्यांचीही कुरकुर होतीच. जुने आडाखे चुकू लागले की पैज आखडते, आणि पैज आखडली की मैदानाची तिजोरी. मेदानने माती घातली ती अमेरिकेतील घोडे पुन्हा दुबईस यावेत म्हणून. कीनलँडने माती घातली आणि २०१५ ची ब्रीडर्स कप त्याच्या वाट्यास आली.

या सर्व हिशेबात एक रकाना मागे पडला. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २००९ पासून शर्यतीत जिवाला मुकणाऱ्या घोड्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्या वर्षी दर हजार धावांमागे दोन घोडे दगावले. २०२३ मध्ये ते प्रमाण १.३२ पर्यंत खाली आले. जमिनीनुसार पाहता मातीवर ते दर हजारी सुमारे १.४, तर कृत्रिम जमिनीवर एकाहून थोडे कमी होते. वर्षानुवर्षे या नोंदींचा कल तोच राहिला आहे. मातीकडे परतणाऱ्यांपुढे हे आकडे नव्हते असे नाही. सँटा अनिटावर २०१८ च्या डिसेंबर अखेरीपासून २०१९ च्या जूनपर्यंतच्या एका हंगामात तीस घोडे दगावले. त्या वर्षी तेथे पाऊस फार झाला होता आणि माती वारंवार दाबावी लागली होती. चौकशीत एकच एक कारण निघाले नाही. औषधे, जुनी न ओळखलेली दुखापत, शर्यतींची घाई, अशी अनेक निघाली. पण त्यानंतर कृत्रिम जमिनीचा विचार पुन्हा सुरू झाला आणि फ्लोरिडातील गल्फस्ट्रीम पार्कने २०२१ मध्ये माती व हिरवळ यांच्या जोडीस ती घातली.

कृत्रिम जमीन म्हणजे अभय आणि माती म्हणजे घात, इतके हे सोपे मात्र नाही. मायकेल पीटरसन या अमेरिकन अभियंत्याने घोड्याच्या पायासारखे आपटणारे यंत्र घेऊन मैदानामागून मैदान मोजले. त्याच्या कार्यातून पुढे आलेला मुद्दा असा की, जमिनीचा प्रकार जितका महत्त्वाचा, तितकाच तिचा एकसारखेपणा महत्त्वाचा. घोडा कठीण जमिनीशी जुळवून घेतो, मऊशीही घेतो. पावलागणिक बदलणाऱ्या जमिनीशी त्याला जुळवून घेता येत नाही.

जमीन बदलली की खेळाडू बदलतो, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडले. १९४८ साली लंडनला त्यांना गादीवर उतरावे लागले आणि ते सहावे आले. चार वर्षे त्या गादीचा अभ्यास करून त्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीस कांस्यपदक मिळवले. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर झाली आणि भारत सातव्या स्थानी घसरला. पण खाशाबांना तक्रार करता आली, अभ्यास करता आला, न खेळण्याचेही स्वातंत्र्य होते. घोड्याजवळ यांपैकी काहीच नाही. म्हणून मल्लांच्या आणि हॉकीच्या वादात जो प्रश्न न्यायाचा होता, तो येथे जिवाचा होतो.

आता आपल्या देशाकडे वळावे. भारतातील मोठ्या शर्यती हिरवळीवर होतात. मुंबईस १८८३ पासून महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यती होऊ लागल्या. ती जमीन मुळात समुद्राकाठची दलदल. पावसाळ्यात तेथे घोडा धावणे कठीण. म्हणून रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हंगाम हिवाळ्यात मुंबईस आणि पावसाळ्यात पुण्यास, अशी वाटणी फार पूर्वी झाली. जुलै आला की घोडे, मोतद्दार, प्रशिक्षक, सारा संसार घाट चढून लष्कराच्या हद्दीतील त्या जुन्या मैदानावर येतो. महालक्ष्मीची हिरवळ तेवढे महिने विसावा घेते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी २,४०० मीटरची इंडियन डर्बी होते, तेव्हा तिच्या पायाखाली या विश्रांतीची पुण्याई असते. बंगळूरला ही सोय नाही. तेथील उन्हाळी म्हणविला जाणारा हंगाम ऐन पावसात शिरतो आणि बंगळूर डर्बी जुलैत पडते. हिरवळ झिजू नये म्हणून आतल्या बाजूचे कठडे काही मीटर बाहेर सरकवून घोड्यांना दरवेळी नव्या पट्ट्यावरून धावविण्याची युक्ती दोन्हीकडे चालते. प्रत्येक शर्यत झाली की माणसे हिरवळीवर पसरतात आणि उखडलेल्या ढेपा पायांनी दाबून जागच्या जागी बसवितात.

परंतु शर्यत हा घोड्याच्या आयुष्याचा अगदी लहान भाग. शर्यतीचा घोडा दोन-तीन आठवड्यांतून एकदा दोन मिनिटे हिरवळीवर धावतो; सकाळची दौड मात्र जवळपास रोज, आणि ती बहुधा वाळूच्या पट्ट्यावर. वृत्तपत्रांतील शर्यतीच्या रकान्यात ‘इनर सँड’ आणि ‘आउटर सँड’ या मथळ्यांखाली कोणत्या घोड्याने सहाशे मीटर किती सेकंदांत काटले हे छापून येते. शौकीन ते वाचतात वेळेसाठी. घोड्याच्या पायावरील बहुतेक टापांचे ओझे त्या रकान्यातच नोंदलेले असते, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. हाड एका दिवसात मोडत नाही. रोजच्या दौडीत त्याला सूक्ष्म तडे जातात, विश्रांती मिळाली तर ते भरून येतात, न मिळाली तर एखाद्या दुपारी, लोकांच्या डोळ्यांदेखत, ते मोडते. दोष त्या दुपारच्या हिरवळीस दिला जातो. काम सकाळच्या वाळूने आधीच केलेले असते.

म्हणून भारतात या वादाची जागा निराळी आहे. हिरवळीवरची शर्यत काढून तेथे मेणाची वाळू घालावी, असे म्हणण्याचे कारण नाही. हिरवळ सामान्यतः मातीपेक्षा घातक ठरलेली नाही, आणि आपल्या घोड्यांची पैदास, पुण्याभोवतालच्या मांजरी, येरवड्यासारख्या अश्वपैदास केंद्रांतील असो वा अन्य प्रांतांतील, तिच्यासाठीच झालेली आहे. परंतु सकाळच्या दौडीसाठी एकसारखी, मुसळधार पावसातही तीच राहणारी पट्टी हवी, ही मागणी निराळी आणि रास्त आहे. इंग्लंडातील कृत्रिम जमिनीचा एक मोठा उपयोग शर्यतीत नव्हे, तर नेमका तेथे, प्रशिक्षणाच्या पट्ट्यांवर झाला. तिच्याविरुद्ध आक्षेप आहेतच. खर्च मोठा, वैशाखातील पुण्याच्या उन्हात मेणाचे काय होईल हे आधी पडताळावे लागेल, आणि प्लॅस्टिकचे धागे व रबराचे कण पावसाच्या पाण्याबरोबर कोणाच्या नाल्यात उतरतील, हा प्रश्न बंगळूरच्या तळ्यांची अवस्था पाहिलेल्या माणसाने विचारलाच पाहिजे.

हे सारे ठरविण्याची वेळ फार दूर नाही. बंगळूरच्या मैदानाच्या भाडेपट्ट्याची मुदत २००९ अखेर संपली. ऐंशीहून अधिक एकरांची ती मोक्याची जागा मोकळी करून मैदान शहराबाहेर न्यावे, ही चर्चा तेव्हापासून चालू आहे. मुंबईत २०२४ मध्ये महालक्ष्मीच्या जमिनीची वाटणी झाली. सुमारे १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि सुमारे ९१ एकर क्लबकडे. मध्यवर्ती उद्यान मुंबईस हवेच, त्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण जागा आवळली म्हणजे तोच पट्टा अधिक वापरावा लागतो आणि विसाव्याची जमीन उरत नाही. मैदान हलवावयाचे झाले, तर नव्या जागी नकाशावर पहिली रेघ प्रेक्षकांच्या सज्जाची ओढावयाची की पाण्याच्या निचऱ्याची, हे अगोदर ठरवावे लागेल. महादेवपुऱ्यात ही रेघ उशिरा आठवली. पायाभरणी झाल्यावर तळातील खडी आणि नळ्या बदलणे किती महाग पडते, याचा अनुभव सँटा अनिटाने एकाच पावसाळ्यात घेतला.

तोवर जुन्या मैदानावर काम चालूच आहे. पावसाळी सकाळी, अजून पुरते उजाडलेले नसताना, वाळूच्या पट्ट्यावर पहिले घोडे येतात. त्यांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत असते, मोतद्दार खांद्यावर पोते घेऊन कठड्याशी उभे असतात. रात्री कितपत पाऊस झाला आणि वाळूने त्यातले किती पाणी धरले, हे त्या वेळी घोड्यावर बसलेल्या पोराला पहिल्या शंभर मीटरांत कळते. तो लगाम थोडा आवळतो, घोड्याला बाहेरच्या, कमी तुडवलेल्या बाजूस घेतो आणि पुढे जातो. नंतर दाते असलेली फळी ओढीत ट्रॅक्टर येतो आणि टापांचे ठसे पुसून पट्टा पुन्हा सारखा करतो.